सोनी अल्फा ६४००: फोकस पक्का, बाकीचा हिशेब लेन्सचा

सोनीने अल्फा ६४०० बाजारात आणला तो २०१९ च्या सुरुवातीला. त्यानंतर याच आकाराचे कितीतरी नवे मिररलेस (आत आरसा नसलेले, लेन्स बदलता येणारे) कॅमेरे आले. तरी मोबाइल सोडून पहिला चांगला कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांच्या यादीत हे नाव अजून टिकून आहे, आणि ते योग्यच आहे. बॅटरी आणि कार्ड धरून ४०३ ग्रॅम वजनाच्या या बॉडीत जो ऑटोफोकस मिळतो, तो आजही कामाच्या प्रसंगी दगा देत नाही. मात्र या कॅमेऱ्याचे पैसे वसूल व्हायचे असतील तर खरेदीच्या दिवशीच एक गोष्ट मनात पक्की हवी: बॉडीमध्ये स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, त्यामुळे बजेटचा मोठा वाटा लेन्ससाठी बाजूला ठेवावा लागेल. सगळे पैसे बॉडी आणि किट लेन्समध्ये (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्समध्ये) संपवून गप्प बसणार असाल, तर हा कॅमेरा घेऊ नका.

यातला सेन्सर २४.२ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी मापाचा आहे. त्याचा आकार २३.५ × १५.६ मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान. म्हणून लेन्सवर लिहिलेल्या फोकल लेंथला (मिमीतला आकडा; तो जितका लहान तितकं दृश्य रुंद) दीडने गुणायचं. १६ मिमीची लेन्स इथे २४ मिमीसारखी दिसते, ३० ची ४५ सारखी आणि ५६ ची ८४ सारखी. लेन्स निवडताना हा गुणाकार विसरला की हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकते आणि तरी सगळी मंडळी फ्रेममध्ये मावत नाहीत.

आधी फोकसबद्दल, कारण या कॅमेऱ्याची खरी कमाई तीच. सेन्सरच्या सुमारे ८४ टक्के भागावर ४२५ फेज-डिटेक्शन (झटपट फोकस ठरवणारे) बिंदू पसरलेले आहेत. त्यामुळे माणूस फ्रेमच्या कडेला असला तरी चालतं. मधोमध फोकस धरून मग कॅमेरा वळवण्याची डीएसएलआरच्या (आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) काळातली सवय सोडून द्यायची. सोनीचं रिअल-टाइम ट्रॅकिंग रंग, उजेड, अंतर, चेहरा आणि डोळा या सगळ्यांची एकत्र दखल घेतं. माणूस पाठमोरा झाला की डोके-खांदे धरून ठेवतं आणि तो पुन्हा वळला की थेट डोळ्यावर येतं. प्राण्यांच्या डोळ्यांची ओळख जून २०१९ च्या फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) २.०० मध्ये आली, म्हणून जुना कॅमेरा हातात आल्यावर आधी मेनूमध्ये फर्मवेअरची आवृत्ती बघून घ्या.

पण हे सगळं बॉक्समधून काढल्या काढल्या मिळत नाही. पुढची जुळवणी पहिल्याच दिवशी करून टाका. फोकस मोड एएफ-सी (विषयामागे सतत बदलत राहणारा फोकस). फोकस एरियामध्ये ‘ट्रॅकिंग: एक्स्पांड फ्लेक्झिबल स्पॉट’. ट्रॅकिंगचे पर्याय एएफ-सी मध्येच दिसतात, एएफ-एस (एकदाच धरला जाणारा फोकस) वर ठेवलं तर ते सापडत नाहीत आणि लोकांना वाटतं कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे. मग ‘फेस/आय एएफ सेट’ मध्ये चेहऱ्याला प्राधान्य चालू आणि विषय ‘ह्यूमन’. कुत्रा-मांजर असेल तेव्हाच ‘अ‍ॅनिमल’ करा, कारण या कॅमेऱ्यात दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. शेवटी ‘टच ऑपरेशन’ चालू करून ‘फंक्शन ऑफ टच ऑपरेशन’ मध्ये ‘टच ट्रॅकिंग’ निवडा. हे केलं की स्क्रीनवर बोट ठेवायचं आणि त्या वस्तूमागे फोकस धावू लागतो. ‘ह्यूमन’ आणि ‘अ‍ॅनिमल’ मधली अदलाबदल सी१ बटणावर लावून ठेवली तर मेनूत शिरावं लागत नाही.

चुकतो कुठे, तेही सांगायला हवं. लग्नात अक्षता उडायला लागल्या की लेन्सच्या अगदी पुढून जाणाऱ्या दाण्यांवर किंवा मध्येच आलेल्या हातावर फोकस उडी मारू शकतो. अशा वेळी एएफ ट्रॅकिंगची संवेदनशीलता ‘लॉक्ड ऑन’ कडे सरकवा आणि एरिया लहान करा. मागून कडक उजेड आणि चेहरा सावलीत असेल तर डोळ्याचा हिरवा चौकोन येतो-जातो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं वाढवलं की पुन्हा स्थिर होतो. अंधाऱ्या हॉलमध्ये एफ/५.६ च्या किट लेन्सवर (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं आणि उजेड जास्त) फोकस पुढेमागे चाचपडतो, तर एफ/१.४ च्या लेन्सवर त्याच जागी झटकन बसतो. सोनी सांगते ती -२ ईव्हीची (अंधुक उजेडात फोकस धरण्याची) क्षमता एफ/२ च्या लेन्सवर मोजलेली आहे, हे लक्षात घेतलं की हा फरक का पडतो ते कळतं. आणि एफ/११ पेक्षा अ‍ॅपर्चर लहान केलं की फेज-डिटेक्शन बंद पडतं, त्यामुळे एफ/१६ वर पळत्या मुलाचा फोटो काढायला जाऊ नका.

वेगाचं म्हणाल तर मेकॅनिकल शटरवर सेकंदाला ११ फ्रेम निघतात आणि फोकस-एक्स्पोजर प्रत्येक फ्रेमला नव्याने ठरतं. मात्र ११ च्या वेगात व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) नुकतीच काढलेली फ्रेम दिसते, समोरचं चालू दृश्य नाही. वेडीवाकडी हालचाल टिपायची असेल, उदाहरणार्थ कबड्डी किंवा फुटबॉल, तर ८ फ्रेमचा ‘हाय’ मोड जास्त उपयोगी, कारण त्यात विषय नजरेतून सुटत नाही. ढोल-ताशा पथकात टिपरू टोलावर गोठवायचं असेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ नको. ते हवेत थोडं धूसर दिसलेलं चालत असेल तर १/१२५. बफर (फोटो तात्पुरते धरून ठेवणारी मेमरी) रॉ मध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) ४६ फ्रेमचा, म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम चार सेकंद. तो भरला की कार्डावर लिहून होईपर्यंत बऱ्यापैकी थांबावं लागतं, कारण कार्डाची खाच यूएचएस-१ वेगाचीच आहे. महागडं यूएचएस-२ कार्ड घालून काहीही फायदा नाही. चांगल्या कंपनीचं यू३ खुणेचं ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड घ्या आणि प्रत्येक कामाआधी ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

फोटोंचा दर्जा या वर्गात उत्तम. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत निर्धास्त वापरावा, ६४०० वर रॉ काढून संगणकावर नॉइज (दाणेदारपणा) काढला तर अल्बमच्या पानाला चालतो, १२८०० फक्त मोबाइलवर बघायच्या फोटोंसाठी. मेनूत आकडे १०२४०० पर्यंत जातात, त्यांच्या नादी लागू नये. रॉ फाइल सुमारे २४-२५ एमबीची असते आणि ती सोनीच्या दाबलेल्या स्वरूपातच मिळते. न दाबलेल्या रॉचा पर्याय नाही. रोजच्या कामात त्याने काही बिघडत नाही, पण रात्रीच्या आकाशात ठळक ताऱ्याच्या कडेला किंवा काळोखावरच्या पांढऱ्या दिव्याच्या कडेला सावली चार स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट) उजळ केली तर खडबडीतपणा दिसतो. त्वचेचा रंग जुन्या सोनी कॅमेऱ्यांपेक्षा खूप सुधारलाय. तरी पिवळ्या दिव्यांच्या मंडपात ऑटो व्हाइट बॅलन्सवर (रंगांच्या आपोआप जुळणीवर) विसंबू नका. ३२०० ते ३६०० केल्व्हिनच्या दरम्यान हाताने ठरवा, हळद हळदीच्याच रंगाची दिसेल.

शटरची कमाल गती १/४०००. भर दुपारी एफ/१.४ वर आयएसओ १०० ठेवूनही फोटो जवळजवळ दोन स्टॉप जास्त उजळ येतो. उघड्या अ‍ॅपर्चरवरच काम करायचं असेल तर लेन्सच्या मापाचा, उजेड कमी करणारा एनडी ४ किंवा एनडी ८ फिल्टर जवळ ठेवा.

आता लेन्स. किटमधली १६-५० एफ/३.५-५.६ पॉवर झूम लेन्स ११६ ग्रॅमची आहे, मिटली की बिस्किटाएवढी, आणि तिच्यात ऑप्टिकल स्थिरीकरण आहे. इथे तिचे गुण संपतात. १६ मिमीवर रेषा चांगल्याच वाकतात, कॅमेरा त्या सॉफ्टवेअरने सरळ करतो आणि त्या ओढाताणीत कोपरे मऊ पडतात. एफ/८ वर, उन्हात, प्रवासाचे फोटो ठीक येतात. संध्याकाळी घरात मात्र २४ मेगापिक्सेलचा सेन्सर असूनही फोटो चांगल्या मोबाइलपेक्षा फारसा वेगळा दिसत नाही, आणि मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. तिची सुधारलेली आवृत्ती २०२४ मध्ये आली, पण अ‍ॅपर्चर तेच राहिलं.

किटसह घेण्यापेक्षा फक्त बॉडी आणि सिग्मा १८-५० एफ/२.८ ही जोडी घ्यावी. सुमारे २९० ग्रॅम वजन, ५५ मिमीचा फिल्टर, आणि पूर्ण झूममध्ये एफ/२.८. ५० मिमीवर किटच्या एफ/५.६ च्या तुलनेत दोन स्टॉप उजेड जास्त, म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे १६०० पुरतो. उणीव एकच, तिच्यात स्थिरीकरण नाही. व्हिडिओ हातात धरूनच काढायचा असेल तर टॅमरॉन १७-७० एफ/२.८ मध्ये स्थिरीकरण आहे, पण ती ५२५ ग्रॅमची आणि या छोट्या बॉडीवर पुढून जड पडते. पैसे कमी असतील तर सिग्मा ३० एफ/१.४: घरातली माणसं, लहान मुलं, ताटातलं जेवण, सगळं ती एकटी सांभाळते. पोर्ट्रेटला सिग्मा ५६ एफ/१.४ च्या जवळ जाणारं या किमतीत दुसरं काही नाही. पक्ष्यांसाठी सोनी ७०-३५० जी. दीडच्या गुणाकाराने ५२५ मिमीपर्यंत पोहोच आणि वजन फक्त ६२५ ग्रॅम. भिगवणला उजनी धरणाच्या काठावर सकाळच्या चांगल्या उजेडात ती मस्त चालते, ढगाळ हवेत एफ/६.३ मुळे आयएसओ भराभर चढतो.

स्थिरीकरण नसलेल्या लेन्सवर शटर किती ठेवायचं याचा साधा हिशेब: फोकल लेंथला दीडने गुणा आणि एका सेकंदाला त्या आकड्याने भागा. ३० मिमीला १/४५, म्हणजे व्यवहारात १/६०; ५६ ला १/१००. समोर माणूस असेल तर यापेक्षाही वर, १/१२५ पासून, कारण हात स्थिर असला तरी माणूस हलतोच. हे दरवेळी डोक्यात ठेवायची गरज नाही. मेनूत ‘आयएसओ ऑटो मिनिमम एसएस’ आहे, तिथे १/१२५ भरून ठेवा. त्याखाली जाण्याआधी कॅमेरा स्वतःच आयएसओ वाढवतो. या एका सेटिंगने हललेले फोटो निम्म्याहून कमी होतात, आणि बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

व्हिडिओचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे. ४के २५पी (सेकंदाला २५ फ्रेम) मध्ये कॅमेरा सेन्सरची पूर्ण रुंदी, म्हणजे ६के इतका तपशील वाचून तो ४के मध्ये उतरवतो, म्हणून चित्र विलक्षण धारदार दिसतं. ३०पी निवडलं तर कडा कापल्या जातात आणि दृश्य सुमारे १.२ पट अरुंद होतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पाल (५० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) आणि २५पी हाच योग्य पर्याय; शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइट आणि बऱ्याचशा एलईडी दिव्यांची लुकलुक येत नाही. यूट्यूबवरच्या परदेशी मार्गदर्शकांचं ऐकून एनटीएससी (६० हर्ट्झच्या देशांची पद्धत) आणि १/६० करणाऱ्यांच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात ते याचमुळे. पाल आणि एनटीएससी बदलताना कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा कामाच्या मध्यावर हा प्रयोग नको. १०० एमबीपीएसला मिनिटाला सुमारे ७५० एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी जागा लागते. त्यासाठी यू३ कार्ड सक्तीचं आहे. सलग चित्रीकरणाला २९ मिनिटांची मर्यादा नाही, ही कीर्तन, व्याख्यान, नाटकाची तालीम वगैरे एका जागेवरून टिपणाऱ्यांसाठी फार मोठी सोय.

उन्हाळ्यात उघड्यावर ४के चालू ठेवलं तर बॉडी तापते. ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ आधीच ‘हाय’ करा आणि स्क्रीन बॉडीपासून बाहेर ओढून ठेवा म्हणजे उष्णतेला वाट मिळते. कॅमेरा सावलीत ठेवता आला तर उत्तम.

रोलिंग शटर हा इथला ठळक दोष. सेन्सर वरून खाली वाचायला बराच वेळ लागतो, म्हणून ४के मध्ये कॅमेरा झपकन फिरवला की विजेचे खांब तिरके होतात आणि चालत्या गाडीतून काढलेलं दृश्य जेलीसारखं थरथरतं. चालत चालत हातात धरून काढायचा व्हिडिओ याचं काम नाही. गिंबल (थरथर सावरणारी दांडी) किंवा मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लागेलच. शिवाय व्हिडिओत डोळ्यावरचा फोकस मिळत नाही, चेहऱ्यावरचाच मिळतो. एकट्या वक्त्यासाठी तो पुरतो, पण एफ/१.४ वर अगदी जवळून बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत कधी नाकावर बसतो, तिथे एफ/२.८ ठेवा. रेकॉर्डिंग ८-बिट (रंगांच्या कमी छटांचं) आहे, त्यामुळे एस-लॉग३ च्या (रंग नंतर भरायच्या फिकट प्रोफाइलच्या) मोहात पडू नका, निळ्या आकाशात पट्टे पडतात. साधा प्रोफाइल किंवा एचएलजी ठेवून एक्स्पोजर नीट करा, रंग कमी कष्टात चांगले येतात.

माइकसाठी ३.५ मिमीची खाच आहे, हेडफोनसाठी नाही. म्हणजे आवाज खरंच येतोय का हे स्क्रीनवरच्या पट्ट्या पाहूनच ठरवायचं. महत्त्वाच्या कामात आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा मोबाइलवरही घ्यावा. स्क्रीन १८० अंशात वर उलटते, पण हॉटशूवर (वरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेवर) माइक बसवला की तोच स्क्रीन झाकतो. बाजूला माइक अडकवायची छोटी पट्टी किंवा केज (बॉडीभोवती बसणारी चौकट) घेतल्याशिवाय व्लॉगिंगला स्क्रीनचा उपयोग नाही.

हाताळणी मध्यम. पुढे डायल नाही, जॉयस्टिक नाही. वरची डायल आणि मागचं चाक, दोन्ही अंगठ्यानेच फिरवायची. मॅन्युअल मोडवर काम करणाऱ्याला ते खटकतं. मेनू लांबलचक आणि टचने चालत नाही, त्यामुळे एफएन बटणाच्या झटपट मेनूत आपल्या बारा गोष्टी लावून मेनूला हातच न लावणं हा उपाय. व्हिडिओचं लाल बटण उजव्या कोपऱ्यात असं बसवलंय की हवं तेव्हा सापडत नाही. व्हिडिओ मोडमध्ये ते काम शटरच्या बटणाला देता येतं. अंगचा फ्लॅश दुबळा आहे, पण बोटाने मागे ओढून धरला तर उजेड छतावर आपटून मऊ होतो आणि कमी उंचीच्या पांढऱ्या छताखाली चेहरे बरे दिसतात. बाहेरचा फ्लॅश वापरताना १/१६० च्या वर गेलात तर फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येऊ शकते.

बॅटरी एनपी-एफडब्ल्यू५०, ठरावीक मोजणीनुसार स्क्रीन वापरून ४१० फोटो. व्हिडिओ असेल तर दिवसाला तीन बॅटऱ्या धरा. एअरप्लेन मोड चालू ठेवला तर टिकाऊपणा जाणवण्याइतका वाढतो. स्वस्तातल्या नकली बॅटऱ्या फुगतात आणि कप्प्यात अडकतात. ओढून काढताना कप्प्याची खटकी तुटते. चार्जिंगची खाच जुनी मायक्रो यूएसबी आहे, पण कॅमेरा चालू असतानाही पॉवर बँकेवर चालतो. त्यामुळे कॅमेऱ्यातलं ‘इंटर्व्हल शूटिंग’ लावून पावसाळ्यात घाटावरून चढणाऱ्या ढगांचा टाइमलॅप्स तासन् तास घेता येतो. त्यासाठी फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरावीक आणि दोन फोटोंमध्ये ढगांच्या वेगानुसार ३ ते ५ सेकंद. बॅटरी आणि कार्ड एकाच झाकणाखाली, तळाला आहेत. ट्रायपॉडची मोठी प्लेट लावली की झाकण उघडत नाही, म्हणून लहान प्लेट घ्या.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी एक खर्च आणखी धरावा. जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात बंद पडून राहिली तर बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. जेलचे दाणे रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरता येतात. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कधीही साठवू नका. पावसात ही बॉडी उघडी काढू नये, किट लेन्ससह तर अजिबात नाही.

इतर पर्यायांपैकी सोनीचाच ए६७०० (२०२३) जवळजवळ सगळ्याच बाबतीत पुढे आहे: बॉडीत स्थिरीकरण, मोठी एनपी-एफझेड१०० बॅटरी, १०-बिट व्हिडिओ, पुढची डायल. पैसे असतील तर तोच घ्या. फक्त व्लॉगिंग करायचं असेल तर सोनी झेडव्ही-ई१० मध्ये स्क्रीन बाजूला उघडते आणि हेडफोनची खाचही आहे, पण व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात हाल होतात. फोटो जास्त आणि व्हिडिओ अधूनमधून, असं काम असेल तर वापरलेला ६४०० आणि नवी चांगली लेन्स हा सर्वांत शहाणा सौदा.

वापरलेला घेताना दिवसाउजेडी बघा. एफ/१६ वर फोकस बिघडवून आकाशाचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर धूळ आहे, ब्लोअरने जाते. ठिपके कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले दिसले तर ती बुरशी, व्यवहार थांबवा. स्क्रीन वर-खाली दहा वेळा हलवून चित्र लुकलुकतं का पाहा, कारण आतली रिबन तिथेच तुटते. माइक जोडून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि जॅक हलवून खरखर येते का ऐका. हॉटशूची पट्टी झिजलेली, तळाचा स्क्रू-होल ओरबाडलेला असेल तर कॅमेरा रोजच्या धंद्यात राबलेला आहे असं समजून भाव पाडा. बिलावरचा आणि बॉडीच्या तळाचा क्रमांक एकच आहे ना, हे पैसे देण्याआधी जुळवून घ्या.